अद्भुत, विज्ञान आणि रहस्य : एका वाचकाचे प्रांजळ मत

मराठीच्या अभ्यासक्रमात ज्या पुस्तकांना जागा नाही, परंतु ग्रंथालयात ज्यांची पाने सर्वांत अधिक दुमडलेली आढळतात, अशा पुस्तकांविषयी या लेखात चार शब्द लिहावयाचे आहेत. अद्भुतकथा, विज्ञानकथा, भयकथा, रहस्यकथा आणि रंजक कादंबऱ्या ही ती पुस्तके. त्यांना कोणी 'हलके वाङ्मय' म्हणते, कोणी 'वेळ घालविण्याचे साधन' म्हणते. मी त्यांची वाचक आहे, समीक्षक नव्हे. म्हणून येथे लिहिलेले हे एका वाचकाचे मत समजावे आणि कोठे चुकले असल्यास प्राध्यापकांनी अवश्य कान धरावा.

आरंभी एक कबुली देणे प्राप्त आहे. गेल्या वर्षी, प्रथम वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, वर्गात प्रत्येकाला आवडते पुस्तक विचारले गेले. माझी पाळी आली तेव्हा मी 'ययाति' असे उत्तर दिले. "त्यातलं काय आवडलं?" असे सरांनी विचारले. "भाषा," मी म्हणाले. सर किंचित हसले आणि म्हणाले, "बरं, बस." खरी गोष्ट अशी की, तोपर्यंत 'ययाति'चे मी फक्त मुखपृष्ठ पाहिले होते. वाचल्या होत्या त्या चाळीसएक रहस्यकथा. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. जे चढतात ते काय वाचतात याची मला कल्पना नव्हती. ते रहस्यकथा वाचत नसावेत, एवढाच अंदाज होता. म्हणून मी खोटे बोलले.

पुढे दिवाळीच्या सुटीत, केवळ मनाच्या टोचणीने, मी 'ययाति' खरोखरच वाचायला घेतली. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९७४ साली तिच्या लेखकाला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वाचता वाचता मी थबकले. बाप आपले वार्धक्य मुलाला देतो आणि त्याचे तारुण्य आपण घेतो! हे अद्भुत नाही तर काय? जे लपविण्यासाठी मी या पुस्तकाचे नाव घेतले होते, तेच त्याच्या गाभ्याशी बसलेले होते. तेव्हापासून 'हलके' आणि 'भारी' ही वाटणी नेमकी कोणत्या तराजूने करतात, हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नातून जन्मला आहे.

१. आपले गाव आणि अद्भुत

अद्भुतकथेला नावे ठेवण्याचा अधिकार निदान नळदुर्गकरांना तरी नाही. आपल्या गावाचे नाव नळ राजावरून पडले, असे येथे परंपरेने सांगितले जाते. ते इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही हा भाग निराळा. पण नळाची कथा ही महाभारताच्या वनपर्वातील अस्सल अद्भुतकथा आहे आणि मराठीत रघुनाथ पंडितांनी तिच्यावर रचलेले आख्यान प्रसिद्धच आहे. हंस मनुष्यवाणीने बोलतो, देव नळाचे रूप घेऊन स्वयंवराला येतात, कर्कोटक नाग दंश करतो आणि राजा कुरूप होतो, हे सारे त्यात आहे.

ही कथा मी प्रथम आजीच्या तोंडून ऐकली. आजीला अक्षरओळख नाही. पण जागरण-गोंधळात रात्र रात्र बसून तिने जे ऐकले ते तिला पाठ आहे. आपल्याकडे मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत देव ठरलेल्या मुदतीने मुक्काम बदलतो. अशा प्रदेशात गोष्टींना तोटा कसा असेल? वाघ्या-मुरळीची गाणी आणि आराध्यांची कवने हेच आमच्या घरचे ग्रंथालय होते.

नळाच्या कथेतील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वयंवराच्या मंडपात दमयंतीपुढे पाच नळ उभे असतात. त्यांतील चार देव आहेत. खरा नळ ओळखावा कसा? देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या गळ्यातील फुले कोमेजत नाहीत आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याच्या अंगावर घाम आणि धूळ आहे, ज्याची सावली पडते, तोच माणूस. दमयंतीची सत्यनिष्ठा पाहून देवांनी ही लक्षणे प्रकट केली आणि तिने ती पाहून नळाच्या गळ्यात माळ घातली. येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, अद्भुतालाही नियम असतो. देव झाला तरी त्याला आपल्या जातीचा नियम मोडता येत नाही. दुसरी, दमयंती ही लक्षणांवरून सत्य शोधणारी आहे. अंगठ्याचा ठसा पाहून गुन्हेगार ओळखणारे आमचे गुप्तहेर तिच्याच वाटेने जातात. या एका प्रसंगातून मला माझी कसोटी सापडली : गोष्ट कितीही अघटित असो, तिने स्वतः घातलेला नियम शेवटपर्यंत पाळावा.

२. थोडा इतिहास

मराठी कादंबरीचा इतिहास पाहिला तर रंजन हे तिचे सख्खे भावंड असल्याचे दिसते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली. ती विधवांच्या दुःखाची कहाणी होती. परंतु तिच्या मागोमाग लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या आणि वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या. पुढे हरिभाऊ आपटे यांनी सामाजिक कादंबरीचा पाया भक्कम केला. पण त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी कोठून प्रसिद्ध झाली? १८९० साली त्यांनीच सुरू केलेल्या साप्ताहिकातून, आणि त्या साप्ताहिकाचे नाव होते 'करमणूक'! मुलीबाळींच्या दुःखाला वाचा फोडणारा थोर लेखक आपल्या पत्राला हे नाव देतो, यातच पुष्कळ काही आले.

आपल्या गावाचाही या इतिहासाशी एक धागा आहे. निजामाकडून १८५३ साली जे जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात आले, त्यांत नळदुर्ग होता आणि त्याचा कारभार पाहण्यासाठी कॅप्टन मेडोज टेलर येथे आला. हा टेलर म्हणजे १८३९ सालच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचा लेखक. ठगांच्या टोळ्या, रुमालाचा फास आणि कबुलीजबाब यांनी भरलेली ही कादंबरी विलायतेत अतिशय गाजली होती. तेव्हा एका रंजक कादंबरीचा नामवंत लेखक १८५७ पर्यंत आपल्या भागाचा सारा आणि न्यायनिवाडा पाहत होता, ही माहिती आपल्यापैकी किती जणांना आहे?

३. रहस्यकथा : पहिल्या वाचनाचा ऋणानुबंध

माझे पहिले पुस्तक विकत घेतलेले नव्हते, ते वजनावर आले होते. माझी आई भज्यांचा गाडा चालवते. पुड्या बांधण्यासाठी रद्दी किलोवर आणावी लागते. मी आठवीत असताना त्या गठ्ठ्यात एक लहानसे, मुखपृष्ठ नसलेले पुस्तक निघाले. शेवटची पानेही नव्हती. आईने पहिली पाने भज्यांना लावली होती की ती आधीच फाटली होती, ते आता सांगता येणार नाही. मी ते एका बैठकीत वाचले. खून झाला होता, संशयित पाच होते आणि खुनी कोण ते गेलेल्या पानांत होते. तीन रात्री मी विचार केला आणि शेवट आपणच ठरविला. दोन वर्षांनी वाचनालयात तेच पुस्तक अखंड सापडले. धडधडत्या छातीने शेवट उघडला, तर खुनी भलताच निघाला. जो माणूस आधीच्या दीडशे पानांत एकदाही आलेला नव्हता, तो एकाएकी पडद्यामागून पुढे आला होता! मला फसविल्यासारखे वाटले. माझ्याकडून लक्षणे नीट पाहण्यात चूक झाली असती तर मी ती मान्य केली असती. पण येथे लक्षणेच दिलेली नव्हती.

बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे नाव गिनेस बुकात गेले. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय आपल्या आजोबांच्या पिढीला घरच्या माणसांसारखे होते. गुरुनाथ नाईक यांच्या कथांची संख्याही हजारापलीकडे जाते. सुहास शिरवळकरांनी रहस्यकथांबरोबरच 'दुनियादारी'सारखी महाविद्यालयीन जीवनावरील कादंबरी लिहिली आणि २०१३ साली तिच्यावर चित्रपट निघाल्यावर आमच्या पिढीने ती पुन्हा हाती घेतली. जपानमध्ये हल्ली 'लाइट नॉव्हेल' नावाचा प्रकार तरुणांत फार चालतो : लहान आकार, मधूनमधून चित्रे आणि एकामागून एक येणारे भाग. तो वाचून आमचे मित्र हे काही नवीनच म्हणतात. पण खिशात मावणारी, मालिकेने येणारी पुस्तके आपल्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच एस. टी. स्टँडवर मिळत होती.

आता स्पष्ट मत देते. हजार पुस्तके लिहिणाऱ्याची हजारही पुस्तके चांगली असणे शक्य नाही. कित्येकांत प्रसंग तेच, नावे निराळी. स्त्री बहुधा दोनच प्रकारची : सोडविण्यासाठी बांधून ठेवलेली किंवा फसविण्यासाठी नटलेली. मुलगी म्हणून वाचताना हे खटकते. मी स्वतःला नेहमी गुप्तहेराच्या जागी कल्पीत असे. त्या जागी कोणी बाई बसलेली मला क्वचितच आढळली. तरीही या पुस्तकांचे एक ऋण मी नाकारणार नाही. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातील मुलाच्या हाती पहिले पुस्तक कोणते पडते, यावर दुसरे पुस्तक हाती येणार की नाही हे ठरते. माझ्या हाती त्या दिवशी एखादा जड ग्रंथ पडला असता तर त्याचीही पुडीच झाली असती.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र मला सर्व बाजूंनी आवडतो. फुरसुंगीसारख्या गावातला, काटकुळा, सायकल पिटाळणारा मुलगा पुण्याच्या शाळेत येतो आणि बुजत नाही. महाविद्यालयात येताना मला त्याची अनेकदा आठवण झाली.

४. भयकथा आणि काविळीची माळ

नारायण धारप हे भयकथेतील थोर नाव. ते रसायनशास्त्राची तांत्रिक पदवी घेतलेले होते, हे वाचून मला नवल वाटले होते. त्यांच्या काही कथांचे बीज परदेशी आहे. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या कादंबरीवरून आली, हे जाणकार वाचकांना माहीत आहे. पण वाडा, परसू, विहीर, तिन्हीसांजा हे सारे त्यांनी असे मराठी करून टाकले की परकेपणाचा वासही येत नाही. २०१८ सालच्या 'तुंबाड' चित्रपटाची मूळ प्रेरणाही त्यांच्याच कथेत होती.

तथापि, एके काळी सहा महिने मी भयकथेला हात लावला नाही. त्याचे कारण घरातच होते. मी अकरावीत असताना माझ्या आत्याला कावीळ झाली. तिला दवाखान्यात न नेता गळ्यात माळ घातली गेली. आपल्या भागात ही माळ सर्वांच्या परिचयाची आहे. माळ जसजशी लांबत जाईल तसतशी कावीळ उतरते, असा समज आहे. माळ खरोखरच लांबत होती. पण आत्याचे डोळे अधिकच पिवळे होत होते. अखेर ती बरळू लागली, तेव्हा जीप करून तिला सोलापूरला नेले. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. तेथील डॉक्टरांनी आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय झाले असते, ते वडिलांना सांगितले. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

माळ का लांबते हे मला पुढे कळले. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकविलेले असतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठी आवळतात आणि तेवढा दोरा मोकळा होऊन माळ वाढते. खुंटीला टांगली तरी ती वाढेल. काही प्रकारची कावीळ विश्रांतीने आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. आत्याची कावीळ त्यांतील नव्हती.

तेव्हा मला प्रश्न पडला की, भुताखेतांची पुस्तके वाचणारी मी, माळ घालणाऱ्यांना कोणत्या तोंडाने दोष देणार? पुष्कळ विचारांती मी असा निर्णय केला : कथेतील भुताशी वाचकाचा करार असतो. पुस्तक उघडताना आपण ते खरे मानतो आणि मिटताना परत करतो. माळेतील भुताशी असा करार नसतो. ते परत घेतले जात नाही. अद्भुत आणि अंधश्रद्धा यांतील भेद मला वाटतो तो हाच. जो लेखक ही सीमा पुसून 'ही सत्यघटना आहे' असे वर छापतो, त्याचे पुस्तक मी आता वाचत नाही. धारपांकडे मात्र मी परत गेले.

५. विज्ञानकथा

मराठीत विज्ञानकथा तशी जुनी आहे. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे भाषांतर आले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही आरंभीची स्वतंत्र विज्ञानकथा मानली जाते. परंतु या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती डॉ. जयंत नारळीकर यांच्यामुळे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी फक्त उलटी केली होती. नाव लपवूनही कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ही हकिकत मला फार मोलाची वाटते, कारण जगविख्यात शास्त्रज्ञालाही आपली गोष्ट गोष्ट म्हणून उतरते की नाही, हे पाहावेसे वाटले. मी मात्र नाव लपविले ते पुस्तकांचे! पुढे १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह आला. २०२१ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, त्या दिवशी मी 'धूमकेतू' ही त्यांची कथा पुन्हा वाचली.

या कथेत एक धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. शास्त्रज्ञ गुप्तपणे खटपट करून त्याचा मार्ग बदलतात आणि संकट टळते. इकडे त्या धूमकेतूचा शोध लावणाऱ्याच्याच घरी शांतीसाठी यज्ञ झालेला असतो आणि संकट यज्ञामुळे टळले, असे घरचे समजतात. हे वाचून मला प्रथम हसू आले व नंतर डोळे भरून आले. आत्या बरी होऊन घरी आली, तेव्हा शेजारची बाई म्हणाली होती, "माळेनंच गुण आला बघ." आणि आजीने मान डोलावली होती. सलाईनच्या बाटल्या, अकरा दिवस, वडिलांनी काढलेले कर्ज, यांचे नावही कोणी घेतले नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाला आमच्या ओसरीवरील बोलणे कसे ऐकू गेले असेल?

मग मी ती कथा आजीला वाचून दाखविली. आजीने शांतपणे ऐकली आणि शेवटी विचारले, "त्या बाईला खरं सांगितलं का न्हाई कुणी?" मी म्हणाले, "न्हाई." आजी बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सांगाया पायजे हुतं." एवढेच. पण गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला ताप आला, तेव्हा दवाखान्यात नेण्याची घाई सर्वांत आधी आजीनेच केली. एका कथेने एवढे केले, असा दावा मी करीत नाही. आत्याचे दुखणे तिनेही पाहिले होते. पण त्या दुखण्यावर बोलायला आम्हाला वाट मिळाली, ती त्या कथेमुळे.

विज्ञानकथेतील दोषही सांगितले पाहिजेत. कित्येक मराठी विज्ञानकथांत एक प्राध्यापक असतो, एक अडाणी मित्र असतो आणि चहाच्या पेल्याबरोबर चार पाने व्याख्यान होते. त्या चार पानांत गोष्ट बाहेर उभी राहते. दुसरे असे की, या कथा मुंबईत घडतात, पुण्यात घडतात, अंतराळात घडतात; मराठवाड्यात क्वचितच घडतात. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. शंभर वर्षांपूर्वी हे कोणी लिहिले असते तर त्याला कल्पनेच्या भराऱ्या म्हटले असते. १९९३ च्या सप्टेंबरात भूकंपाने आपल्या जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे एका पहाटेत जमीनदोस्त झाली. भविष्याविषयी विचार करण्याचे कारण आपल्याइतके कोणाला आहे? तरी आपल्या भागातील विज्ञानकथा कोणी लिहीत नाही. हा दोष लेखकांचा खरा, पण काही अंशी आपलाही आहे.

६. समारोप

आपल्या किल्ल्यातील पाणीमहाल सर्वांनी पाहिला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात तो बांधला गेला. पावसाळ्यात बंधारा भरला की नर-मादी धबधबे कोसळतात आणि आत महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. लहानपणी आजीने मला ही जादू म्हणून दाखविली होती. आता कळते की ती चिरेबंदी आणि हिशेबी बांधकामाची करामत आहे. पण ते कळल्यावर आश्चर्य कमी झाले नाही, वाढले. चांगली अद्भुतकथा, विज्ञानकथा वा रहस्यकथा अशीच असते. वरून पाणी कितीही कोसळो, आतला हिशेब चुकलेला नसतो. ज्या पुस्तकात हिशेबच नाही ते गळते, मग ते 'हलके' असो की 'भारी'.

म्हणून माझे मत थोडक्यात असे. पुस्तकाची जात विचारू नये; ते दिलेला शब्द पाळते का, हे विचारावे. रहस्यकथेने पुरावा लपवू नये, भयकथेने भीतीला सत्य म्हणून विकू नये, विज्ञानकथेने व्याख्यानाला गोष्ट म्हणू नये. आणि वाचकाने, विशेषतः आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या वाचकाने, आपण काय वाचतो हे लपवू नये.

जाता जाता, गेल्या वर्षी वर्गात विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर आज दुरुस्त करून देते. सर, माझे आवडते पुस्तक रद्दीतून आले होते. त्याला मुखपृष्ठ नव्हते आणि शेवट नव्हता. त्याचा शेवट चुकीचा होता, हेही मला आता कळते. पण वाचायला मी तेथून शिकले.

— बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी